एक पिक्सेल, एक आणा : गावनकाशावर नेमका ठिपका ठेवण्याच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने मलाच आठवणार नाही हे का सुरू केलं. सिन्नर तालुक्यातल्या एका गावात पाणलोटाचं काम करणारी पाच-सहा मंडळी आहेत. त्यांना जुन्या गावनकाशावरच्या हद्दी उपग्रहाच्या चित्रावर बसवून हव्या आहेत. नाल्यावर बंधारा घालायचा तर तो कोणाकोणाच्या गटातून जातो हे बैठकीच्या आधी कळलेलं बरं, एवढाच हेतू. मोजणी म्हणून याला काही किंमत नाही, ती भूमी अभिलेख खात्यानेच करायची.

नकाशाचं स्कॅन ३०० डीपीआयचं (म्हणजे कागदाच्या इंचाला ३०० पिक्सेल), चित्र ७,२०० पिक्सेल रुंद. मी ब्राउझरमध्ये चालणारं छोटंसं साधन लिहिलंय : चित्र उघडायचं, हद्दीच्या दगडांवर क्लिक करायचं, आकडे जतन होतात.

नकाशावर प्रमाण लिहिलंय १ इंचाला २० साखळ्या. ही मोजणीची साखळी ३३ फुटांची, इंग्रज गणिती गुंटरच्या ६६ फुटी साखळीच्या निम्मी. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. तर इंचाला ६६० फूट आणि एका पिक्सेलला २.२ फूट. साखळीचे आणे १६, म्हणजे एक आणा दोन फुटांना जेमतेम इंचभर जास्त. पिक्सेल आणि आणा जवळपास सारखेच निघाले. हे शेजारच्या तात्यांना सांगितलं (तात्या निवृत्त भूकरमापक, वय ७१, या कामात आमचे गुरू) तर ते म्हणाले, “मग आण्यातच बोल की. पिक्सेल-बिक्सेल कशाला?”

त्या दिवसापासून वहीत दोन्ही लिहितोय.

५ जून

पहिली चाचणी. तेच १२ दगड तिघांनी टिपायचे : तात्या, मी आणि अभियांत्रिकीला असलेली माझी भाची. एकमेकांचे ठिपके कोणी बघायचे नाहीत.

निकाल लाजिरवाणा आहे. तात्या आणि भाचीच्या ठिपक्यांत दहा-बारा पिक्सेलांचं अंतर. १२ पिक्सेल म्हणजे २६ फूट. त्यात एखाद्याचा गोठा बसेल.

माझा पहिला संशय तात्यांच्या हातावर. तोंडावर बोललो नाही, पण वहीत लिहिलंय तसं इथेही लिहितो.

८ जून, शनिवार

नवा माउस आणला. खोक्यावर डीपीआयचा मोठा आकडा. फरक शून्य. थोडा विचार केला असता तर पैसे वाचले असते. तो आकडा सांगतो की माउस इंचभर सरकला की संगणकाला किती पायऱ्या कळतात. दगड कुठे आहे हे बघणारा डोळा आणि तिथे थांबणारा हात त्याने सुधारत नाहीत. उलट आकडा वाढवला तर बाण टणाटण उड्या मारायला लागला.

विंडोजमधली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूणही काढून पाहिली, कारण गेम खेळणारे सगळे ती काढा म्हणतात. तात्यांचं काम आणखी अडलं. त्या सोयीत हात जोरात हलला की बाण जास्त पळतो आणि हळू हलला की कमी. शेवटच्या चार पिक्सेलांत हात हळूच असतो, तेव्हा ती कामाला येते. गेमवाल्यांची गरज वेगळी : त्यांना तेवढ्याच हाताला दर वेळी तेवढंच अंतर हवं असतं. खूण परत लावली.

९ जून, रविवार

आज डोकं ठिकाणावर आलं. नकाशावर दगड नेमका कुठे आहे हे आपल्यालाच माहीत नसेल तर कोण चुकतंय ते ठरवणार कसं? म्हणून नकाशा बाजूला ठेवला आणि त्याच मापाचं कोरं पांढरं चित्र बनवलं. त्यावर २० बारीक फुल्या, प्रत्येकीची जागा प्रोग्रामनेच ठरवलेली, म्हणजे उत्तर आधीच माहीत. आता चूक होईल ती साधनाची किंवा हाताची, नकाशाची नाही.

दुसरा बदल असा की आतापर्यंत मी दोन ठिपक्यांतलं नुसतं अंतर काढत होतो. आज उजवी-डावी आणि वर-खाली अशी फोड केली. लगेच दिसलं की झाडून सगळे ठिपके खऱ्या जागेच्या उजवीकडे आणि खाली आहेत. हात थरथरतो तेव्हा चारी दिशांना चुकतो. एकाच दिशेला सगळे चुकत असतील तर हाताला दोष देण्यात अर्थ नाही.

रात्री साडेअकराला भाचीला फोन केला. ती म्हणाली, “मामा, मी नेहमी झूम करून टिपते. तात्या नाही करत.”

१० जून

सापडलं. लाज वाटण्यासारखं साधं.

कॅनव्हासभोवती (ब्राउझरमध्ये चित्र दिसतं त्या चौकोनाभोवती) शोभेसाठी ३ पिक्सेलांची चौकट दिली होती. क्लिक कुठे झालं हे काढताना मी कॅनव्हासच्या बाहेरच्या कडेपासून मोजत होतो, आणि ब्राउझर ती कड देतो ती चौकटीसकट. म्हणजे दर क्लिकला पडद्यावरचे ३ पिक्सेल जास्तीचे. पण हे ३ पडद्यावरचे, चित्रावरचे नव्हेत. तात्यांना अख्खा नकाशा डोळ्यांसमोर लागतो, म्हणून ते पूर्ण चित्र पडद्यात बसवून टिपतात. तेव्हा झूम २५ टक्के असतो, आणि पडद्याचे ३ म्हणजे चित्राचे १२. भाची २०० टक्क्यांवर टिपते, तिथे तेच ३ दीड होतात. मी मधे कुठेतरी. १२, ३, दीड : प्रत्येकाला त्याच्या झूमने गुणलं की ३ येतात. काल आकडे समोर होते तरी दिसलं नाही.

मग हे इतके दिवस लपलं कसं? कारण टिपल्यावर जो लाल ठिपका उमटतो तो मी चित्राच्या आकड्यावरून काढतच नव्हतो. बाण जिथे होता तिथेच, पडद्याच्या हिशोबाने काढत होतो. ठिपका बरोबर दगडावर दिसायचा आणि फाइलमध्ये भलताच आकडा जायचा. आता ठिपका जतन केलेल्या आकड्यावरूनच उमटतो. आकडा चुकला तर डोळ्यांना दिसेल, लपणार नाही.

तात्यांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती. “मला वाटलंच,” म्हणाले. मला त्यांच्या हाताचा संशय होता हे त्यांना केव्हाच कळलं असावं.

१२ जून

चौकट काढूनही अर्ध्या पिक्सेलचा फरक राहतोय, पुन्हा एकाच दिशेला. कारण पिक्सेल हा बिंदू नसून चौकोन आहे. १,००० क्रमांकाच्या रकान्यात रेघ असेल तर तिचा मध्य १,०००.५ वर येतो. माझा फुल्या काढणारा प्रोग्राम रकान्याचा क्रमांक लिहितो, साधन कडेपासून मोजतं. दोघेही आपापल्या जागी बरोबर. कडेपासून मोजायचं असं ठरवलं आणि फाइलच्या पहिल्या ओळीत तसं लिहून टाकलं. अर्धा आणा. तात्या म्हणतात बांध असतो दोन हातांचा, तू वीतभर कशाला भांडतोस. पण हे फुकट मिळतंय तर का सोडा.

१५ जून

आता खरा हाताचा प्रश्न उरला. २५ टक्क्यांवर पडद्याचा एक पिक्सेल म्हणजे चित्राचे चार. हात देवाचा असला तरी तिथे दोन पिक्सेल इकडे-तिकडे होणारच. झूम सक्तीचा करावा का?

याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या प्रयोगांत आहे. तेव्हा माउस नव्हताच. दोन धातूच्या पट्ट्यांवर टोकदार दांडीने आळीपाळीने टकटक करायची, पट्ट्या कधी रुंद कधी अरुंद, कधी जवळ कधी लांब, आणि लागणारा वेळ मोजायचा. त्यातून निघालं की वेळ वाढतो तो अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमप्रमाणे. आमच्या कामाला लावून पाहिलं : ६०० पिक्सेल लांबून १ पिक्सेल रुंद लक्ष्य गाठायचं तर अवघडपणा साधारण सव्वानऊ बिट (लक्ष्याची रुंदी निम्मी केली की साधारण एक बिट वाढतो). आठपट झूम केला आणि तेवढंच अंतर बाणाने कापायचं ठेवलं तर लक्ष्य ८ पिक्सेलांचं, आणि अवघडपणा सव्वासहा. तीन बिट वाचले. शिवाय सव्वानऊच्या बाजूला नुसता वेळच लागत नाही, माणूस कंटाळून ‘चालतंय’ म्हणतो आणि क्लिक करतो.

पण तात्यांना सक्ती मान्य नाही. झूम केला की आपण गावात कुठे उभे आहोत तेच कळत नाही म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. शेजारच्या दोन दगडांची गल्लत ही अर्ध्या पिक्सेलच्या चुकीपेक्षा शंभरपट वाईट.

१६ जून, रविवार

तोडगा : भिंग. नकाशा पूर्णच दिसू दे, पण बाणाजवळ एक गोल खिडकी, तिच्यात बाणाखालचा भाग आठपट मोठा. तात्यांना लगेच पटलं, कारण ते आयुष्यभर नकाशावर भिंगच धरत आले.

भिंगात मी मुद्दाम चौकोनी पिक्सेल दाखवले होते, काही न गुळगुळवता. माझ्या मते ते प्रामाणिक. तात्यांनी बघितलं आणि म्हणाले, “ही फरशी कुठून आणलीस? रेघ कुठाय?” खरंच, काळे-करडे चौकोन दिसत होते आणि तिरकी रेघ जिन्यासारखी. चित्र गुळगुळीत करून दाखवल्यावर रेघ रेघेसारखी दिसली आणि तिचा मध्य डोळ्याला आपोआप सापडला. डोळा लांबलचक रेघेवरून मध्य काढतो, एकेका चौकोनावरून नाही. फुल्यांच्या चाचणीतही गुळगुळीत भिंगाने तिघांचेही ठिपके जवळ आले. प्रामाणिकपणाची माझी कल्पना मागे घेतली.

१८ जून

बाणाचं चिन्ह. साधा तिरका बाण असला की लोक टोक दगडाच्या जरा खाली ठेवतात, कारण बाणाचं अंग दगड झाकतं. फुली आणली तर फुलीची रेघच नेमकी हवी ती जागा झाकते. आता फुलीचा मध्य मोकळा ठेवलाय, चार बाजूंनी चार काड्या आणि मधे काही नाही. चिन्ह आधी ३२ बाय ३२ चं होतं. सम आकड्याला मधला पिक्सेल नसतो, त्यामुळे पकडीची जागा (चिन्हातल्या ज्या पिक्सेलवर क्लिक धरलं जातं ती) १५ वर द्या की १६ वर, अर्ध्याने चुकणारच. ३१ बाय ३१ केलं, पकड १५ वर. पाच मिनिटांचं काम.

२१ जून

बटण दाबताना माउस हलतो. हे मला माहीत होतं, पण किती ते आज बघितलं. बटण खाली जाण्याच्या आधीची जागा, खाली गेल्याची आणि वर आल्याची, अशा तीन जागा नोंदवल्या. माझं बोट दाबताना मनगट थोडं उजवीकडे ओढतं. भाचीचं जवळजवळ हलत नाही. तात्या दाबताना अख्खा माउस पुढे ढकलतात, गाडीला क्लच मारल्यासारखा.

शिकवून हे सुधारत नाही, करून पाहिलं. म्हणून क्लिकचा अर्थच बदलला. क्लिक म्हणजे ‘इथे आसपास’. त्यानंतर भिंग तिथेच गोठतं, माउसचा हात सोडायचा आणि बाणांच्या कळांनी ठिपका सरकवायचा. एक कळ म्हणजे चित्राचा अर्धा पिक्सेल. पटलं की एंटर.

गंमत अशी की १९७८ मध्ये कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात माउसची तुलना जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळांशी केली होती आणि माउस सरस ठरला होता. त्यातले बिल इंग्लिश म्हणजे माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांच्यासाठी १९६४ मध्ये पहिला लाकडी माउस घडवणारेच. आणि मी २०२४ मध्ये तात्यांना माउस सोडून कळा दाबायला लावतोय. पण त्यांचं काम होतं पडद्यावरच्या एखाद्या शब्दापर्यंत लवकर पोचण्याचं. लांब जायला माउसच हवा. शेवटचे तीन पिक्सेल कळ जिंकते, कारण ती थरथरत नाही.

२२ जून

तात्यांनी ३० दगड टिपले, कळांनी. “हे मोजणीसारखं वाटतं,” म्हणाले. “आधी माणूस उभा करायचा, मग हाताने खूण करून इंचभर इकडे-तिकडे सरकवायचा.”

२९ जून

आठवडाभर नोकरीच्या कामात. काही झालं नाही.

१ जुलै

गावातल्या मंडळींना मोबाइलवरही टिपता यायला हवं. बोट ही जाड गोष्ट, आणि ज्यावर ठेवायचं ते त्याच्याखालीच झाकलं जातं. यावर दोन जुने उपाय आहेत, दोन्ही घेतले. पहिला, बोट टेकताक्षणी निवड करायची नाही, उचलल्यावर करायची, म्हणजे मधल्या वेळात सरकवून नेमकं बसवता येतं. पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांनी हे १९८८ मध्ये तपासलं होतं, स्मार्टफोन यायच्या बरंच आधी. दुसरा, बोटाखालचं चित्र बोटाच्या वर एका फुग्यात दाखवायचं. व्होगल आणि बाउडिश यांनी ते २००७ मध्ये मांडलं, त्यांनी नाव दिलं शिफ्ट.

माझ्या फुग्याला पडद्याच्या वरच्या कडेला जागा उरत नव्हती, तो बाहेर जायचा. आता तिथे तो बाजूला येतो. उजव्या हाताने धरणाऱ्याला डावीकडे. डावखुऱ्यांसाठी एक खूण ठेवलीय, कारण भाची डावखुरी आहे आणि तिने तीनदा सुनावलं.

एक उणीव राहिली. बोट उचलतानाही थोडं घसरतं. उचलण्याच्या ऐन क्षणाची जागा न घेता त्याआधी बोट स्थिर होतं ती जागा घेऊन बघतोय. बरं वाटतंय, पण फुल्यांवर तपासायचं राहिलंय.

७ जुलै, रविवार

हुशारी करायला गेलो आणि आपटलो. ठिपका जवळच्या काळ्या रेघेच्या मध्यावर संगणकानेच खेचून न्यायचा, असं लिहिलं. पांढऱ्या कागदावरच्या फुल्यांवर सुरेख चाललं. खऱ्या नकाशावर त्याने गट नंबरांच्या आकड्यांना मिठी मारली, घडीच्या मळकट रेषेला हद्द समजलं, आणि एका ठिकाणी जुन्या शाईच्या डागावर जाऊन बसलं. भाचीने एक सुचवणी मान्य केली ती पाच पिक्सेल चुकीची होती, आणि तिला कळलंही नाही, कारण ठिपका इतका छान मधोमध बसला होता.

तात्या तर भडकलेच. “माझ्या हाताखालून दगड सरकवतो काय? कोर्टात उभं केलं असतं मला.”

खेचणं बंद. आता संगणक एक फिकट वर्तुळ काढून ‘इथे का?’ एवढंच विचारतो. टॅब दाबला तरच ठिपका हलतो.

१३ जुलै

बाहेर पाऊस, दिवे दोनदा गेले, आणि दुपारभर तात्यांच्या ओट्यावर बसून या सगळ्या महिन्यातलं सर्वांत कामाचं शिकलो.

साधनातली चूक गेली, हात सुधारला, भिंग आलं. तरी काही ठरावीक दगडांवर आम्ही तिघे तीन-चार पिक्सेलांनी वेगळेच. कुठल्या, ते बघितलं : जिथे तीन गटांच्या हद्दी एकत्र येतात तिथे. मी छापील कागदावर तो भाग मोठा करून नेला होता.

तिथली रेघ मोजली. साधारण ०.४ मिलिमीटर जाड. या प्रमाणाला ती जमिनीवर दहा फूट रुंद होते. दहा फुटांत नेमकं कुठे टिपायचं? विचारल्यावर कळलं की भाची रेघेच्या आतली कड धरते, मी सर्वांत काळं दिसेल तिथे, आणि तात्या मध्य. तिघेही आपापल्या व्याख्येशी एकदम नेमके होतो! हाताचं प्रशिक्षण देत बसलो होतो, आणि काय टिपायचं हेच ठरलं नव्हतं.

मध्य धरायचा हे ठरलं. मग मी तिठ्यावरच्या काळ्या गोळ्याच्या मध्यावर पेन्सिल ठेवली. तात्यांनी ती बाजूला केली.

“तो दगड नव्हे. ती शाई आहे.”

“म्हणजे?”

“नकाशाची ही नक्कल आहे. नक्कल करणारा रेघ ओढत आला, तिथे थांबला, पेन उचललं. मग दुसरी रेघ ओढली, परत तिथेच थांबला. थांबला की शाई पसरते. कागद जिकडे उतरता असेल तिकडे जास्त पसरते. गोळ्याचा मध्य म्हणजे शाईचा मध्य.”

मग त्यांनी पट्टी घेतली, गोळ्यापासून बोटभर दूर रेघेच्या स्वच्छ भागावर ठेवली आणि पेन्सिलने हलकी रेघ गोळ्यातून पलीकडे नेली. दुसऱ्या हद्दीवरही तसंच. दोन पेन्सिलरेघा जिथे छेदल्या ती जागा गोळ्याच्या मध्यात नव्हतीच, डाव्या अंगाला होती. तिसऱ्या हद्दीची रेघ ओढली तर तीही तिथूनच, केसाच्या अंतरावरून गेली.

“रेघ कुठून येते ते बघत जा,” म्हणाले. “कुठे संपते ते नको बघूस.”

१४ जुलै, रविवार

कालचं साधनात आणलं. तिठ्यावर टिपायचंच नाही. प्रत्येक हद्दीच्या सरळ भागावर दोन-दोन ठिपके द्यायचे, छेद संगणक काढतो. तीन हद्दी असतील तर तीन छेद येतात आणि त्यांचा छोटा त्रिकोण दिसतो. त्रिकोण मोठा आला की कोणतातरी ठिपका चुकीच्या रेघेवर पडलाय. हा पडताळा फुकटात मिळाला.

एक सावधगिरी. दोन हद्दी काटकोनाच्या आसपास भेटत असतील तर छेद पक्का. चिंचोळ्या कोनात भेटल्या तर रेघेतली लहान चूक छेदात फुगते : ३० अंशांना दुप्पट, १५ अंशांना जवळजवळ चौपट. म्हणून २० अंशांच्या आतल्या छेदाला साधन पिवळा रंग देतं आणि माणसाला स्वतः बघायला सांगतं. नदीकाठच्या पट्ट्यांत असे बरेच आहेत.

त्याच १२ दगडांवर तिघांची चाचणी परत. आता बहुतेक ठिकाणी दीड पिक्सेलाच्या आत. दोन पिवळे सोडून.

२० जुलै

प्रत्येक दगड दोनदा टिपायचा, वेगवेगळ्या दिवशी. आज भाचीचे दोन्ही वेळचे आकडे तंतोतंत जुळले आणि मला शंका आली. तिला आधीचा ठिपका पडद्यावर दिसत होता, ती त्याच्यावरच क्लिक करत होती. अशी जुळणी कितीही करता येईल. आता दुसऱ्या फेरीत जुने ठिपके लपवलेत, दगडांचा क्रमही उलटासुलटा केलाय.

२८ जुलै, रविवार

टिपलेले ठिपके उपग्रहाच्या चित्रावर बसवायचं काम, क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये. दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा शोधल्या : देवळाचा कोपरा, दोन जुन्या विहिरी, शिवेवरचे दगड, वाटेचे फाटे. नाल्याचं वळण घ्यायचं नाही, नाला एवढ्या वर्षांत सरकतो. एकूण ११ जागा मिळाल्या.

पहिल्याच प्रयत्नात सगळ्या जागांवर चूक शून्य! चहा घेऊन आलो तोवर आनंद टिकला. मी चित्र बसवण्याची थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत निवडली होती. ते चित्राला रबरासारखं ताणून दिलेल्या प्रत्येक जागेवर बसवतंच, त्यामुळे तिथे शून्य येणं ठरलेलंच. विहीर चुकीची निवडली असती तरी शून्यच आलं असतं. आता साधं अफाइन घेतलं, ते अख्ख्या चित्राला एकसारखंच सरकवतं, फिरवतं, ताणतं. त्याला तीन जागा पुरतात, मी आठ दिल्या आणि तीन बाहेर ठेवल्या, नुसत्या तपासायला.

त्यात कळलं की कागद एका दिशेने दुसरीपेक्षा हजारी सहा जास्त आटलाय. कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त हलतो. पूर्ण रुंदीला हजारी सहा म्हणजे ४३ पिक्सेल. ९५ फूट. महिनाभर मी अर्ध्या पिक्सेलासाठी फुलीचं चिन्ह ३१ चं करत बसलो होतो! पण ही चूक सरसकट आहे, एका आकड्याने सुधारता येते. हाताची तशी येत नाही. तरी हे आधी तपासायला हवं होतं, क्रम उलटा झाला.

४ ऑगस्ट, रविवार

गावात गेलो. भाचीने फोनवरच्या जीपीएसने शिवेच्या दगडावर उभं राहून जागा घेतली, पाच मिनिटांनी तिथेच परत घेतली. चार मीटर हलली. सहा पिक्सेल. मंडळींतले एक काका विचारत होते की मग नकाशावर एवढं बारीक कशाला टिपता. पडद्यावरची चूक आपल्या हातात आहे म्हणून, एवढंच सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही, आणि तोवर भाकरी वाढल्या होत्या.

११ ऑगस्ट, रविवार

तात्यांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून त्याच्या गटाच्या जुन्या टिपणाची नक्कल आणली. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळची नोंद, बाजूंची लांबी साखळी-आण्यांत लिहिलेली. नकाशा त्यावरून तयार झाला, म्हणून पडताळायला याच्याहून चांगलं काही नाही.

पूर्वेची बाजू : ७ साखळ्या ५ आणे. मी साधनातून त्याच दोन दगडांमधलं अंतर काढलं, कागदाचं आटणं धरून. ७ साखळ्या ६ आणे.

मी एका आण्याने खट्टू. हा कुठे राहिला ते शोधायला लागलो, भिंग परत लावलं, दक्षिणेकडच्या दगडाच्या रेघा पुन्हा टिपल्या. पुन्हा ७ आणि ६, खरं तर ५.६ आणे, पण साधन पूर्ण आण्यात दाखवतं.

तात्या टिपणाचा कागद उजेडात धरून बघत होते. “सगळं टिपण बघ,” म्हणाले. “अर्धा आणा, पाव आणा कुठे दिसतो का?”

नाही दिसत. एकाही बाजूला नाही.

“आण्याच्या खाली त्यांनी कधी लिहिलंच नाही.”

साधनात आण्याचा दशांश दाखवायची सोय केली. टिपणाच्या आठही बाजूंचे आकडे भरायचेत, त्यातल्या तीन झाल्या. तिठ्यांवरचे ४१ दगड उरलेत. पुढच्या रविवारी तात्यांकडे, सकाळी, उजेड असताना.